राजूर ते मर्दिनटोला

२०२१ ची दिवाळी ४ नोव्हेंबरला झाली. भाऊबीज उरकली की आरमोरी, वडसा, कुरखेडा या झाडीपट्टीत मंडयांचा हंगाम सुरू होतो. दिवसा मंडई, रात्रभर नाटक. हलका धान कापून बांध्यांमध्ये कडपा पडलेल्या असतात, भारी धान अजून उभा असतो. त्या वर्षी एसटीचा संप चालू होता, म्हणून रस्त्यावर खाजगी गाड्यांचीच चलती होती. १३ तारखेच्या शनिवारी विदर्भातल्या वाहिन्यांचं सगळं लक्ष अमरावतीच्या दंगलीकडे आणि संचारबंदीकडे लागलं होतं. मग एक वेगळीच बातमी फिरू लागली: पूर्वेला, ग्यारापत्तीजवळ मर्दिनटोल्याच्या जंगलात, सकाळपासून गोळीबार चालू आहे. संध्याकाळी पोलिसांनी आकडा दिला, २६. रविवारी ओळख पटली. मृतांमध्ये मिलिंद तेलतुंबडे होता. बंदी घातलेल्या भाकप माओवादी पक्षाच्या केंद्रीय समितीचा सदस्य, डोक्यावर पन्नास लाखांचं बक्षीस.

गडचिरोलीला चकमकी नव्या नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये भामरागड तालुक्यात इंद्रावतीच्या काठी, बोरिया-कसनासूरला आणि त्यानंतरच्या चकमकीत मिळून चाळीस जण मारले गेले होते. पण त्यातले सर्वांत वरचे नेते विभागीय समितीचे होते. मर्दिनटोल्याला मेलेला माणूस त्यांच्या कितीतरी पायऱ्या वरचा, आणि तो या चळवळीच्या नेहमीच्या साच्यातला नव्हता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दलित मजुराचा मुलगा, कोळसा खाणीतला कामगार. त्याच्या पक्षाला खाणीतला दलित आणि जंगलातला गोंड एकाच झेंड्याखाली आणायचा होता. ते काम ज्यांच्या हातून होईल अशी आशा होती, त्यांतलं विदर्भातलं सर्वांत मोठं नाव हेच. ते काम का झालं नाही, हे समजलं तर चकमकीचा अर्थही नीट लागतो.

आधी भूगोल. आरमोरी वैनगंगेच्या खोऱ्यातलं गाव. धानाचं, भातगिरण्यांचं, कोशाच्या रेशमाचं. आरमोरीचा कोसा पार मुंबईपर्यंत माहीत आहे, आणि त्याचे किडे ऐनाच्या झाडांवर पोसणारा ढिवर समाज इथलाच. गावाच्या पश्चिमेला ब्रह्मपुरी आणि पुढे नागपूरचा रस्ता. पूर्वेला निघालं की वैरागड लागतं, तिथला जुना किल्ला लागतो, आणि मग शेतं विरळ होत जातात. कुरखेडा, कोरची, धानोरा हे तालुके म्हणजे डोंगर, बांबू, साग, मोहाची झाडं आणि दूरदूर टाकलेले टोले. विधानसभेचा मतदारसंघ आरमोरीच्या नावाचा, पण त्याचं दुसरं टोक थेट छत्तीसगडच्या सीमेवरच्या कोरचीत. ही सीमा नकाशावरच आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रानटी हत्तींचा एक कळप छत्तीसगडमधून याच पट्ट्यात उतरला आणि वनखात्याची झोप उडाली. हत्तींच्या आधी चाळीस वर्षं दलमं, म्हणजे नक्षल्यांची सशस्त्र पथकं, याच वाटांनी ये-जा करत होती. मर्दिनटोला आहे तो ग्यारापत्ती आणि कोटगूलच्या दरम्यान, धानोरा आणि कोरची तालुक्यांच्या सांध्यावर.

आता दलमं आली कशी. १९८० च्या एप्रिलमध्ये कोंडापल्ली सीतारामय्या यांनी आंध्रात पीपल्स वॉर ग्रुप, म्हणजे माओवादी पक्षाचा पूर्वावतार, काढला. पोलिसांचा ससेमिरा लागला तर मागे सरकायला जंगल हवं, म्हणून त्याच वर्षी छोटी छोटी पथकं गोदावरी आणि प्राणहिता ओलांडून गडचिरोली आणि बस्तरमध्ये पाठवली गेली. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हाही नव्हता, तो १९८२ साली चंद्रपुरातून निघाला. २ नोव्हेंबर १९८० ला सिरोंचा भागातल्या मोयाबिनपेठ्याजवळ पोलिसांच्या गोळीने पेद्दी शंकर मारला गेला. महाराष्ट्रातल्या नक्षल चळवळीचा हा पहिला बळी, आणि तो बेल्लमपल्लीच्या कोळसा पट्ट्यातला दलित तरुण होता. एकेचाळीस वर्षांनी मिलिंद मेला तोही खाणपट्ट्यातला दलितच. मधल्या काळात नेतृत्वाची भाषा मात्र बहुतेक तेलुगू राहिली.

त्या पहिल्या पथकांना गावांनी भाकर दिली, याची कारणं शोधायला पुस्तकं चाळावी लागत नाहीत. तेंदूपत्ता तोडणाऱ्याला ठेकेदार शंभर पुड्यांमागे देईल ते घ्यावं लागत होतं. कागद कारखान्यासाठी बांबू तोडणाऱ्याची मजुरी तशीच. वनरक्षक गावात आला की कोंबडी, अंडी, दारू आणि फुकट राबणारी माणसं त्याला हवीच असत. दलमांनी ठेकेदारांना अडवलं, मजुरीचे दर वाढवून घेतले, वनरक्षकाचा माज उतरवला. हे खरं आहे आणि ते नाकारणाऱ्याला पुढचं काहीच समजणार नाही. मग त्याच ठेकेदारांकडून पक्षाने स्वतःचा हिस्सा घ्यायला सुरुवात केली. दर हंगामाला ठरलेली रक्कम. मजुराचा कैवारी आणि ठेकेदाराचा वसुलीदार एकच झाला, हेही तितकंच खरं.

मिलिंदचं गाव राजूर, वणी तालुक्यातलं. कोळसा खाणीचं गाव. घरात भावंडं बरीच, बाप मजूर. सर्वांत मोठे आनंद अभियांत्रिकी शिकले, अहमदाबादच्या आयआयएममध्ये गेले, भारत पेट्रोलियममध्ये मोठ्या हुद्द्यावर पोहोचले, पुढे खरगपूरच्या आयआयटीत आणि गोव्यात प्राध्यापक झाले. जातीवर आणि आंबेडकरी चळवळीवर त्यांनी लिहिलेली पुस्तकं देशभर वाचली जातात. बाबासाहेबांच्या नात रमाताई त्यांच्या पत्नी. धाकट्या मिलिंदची वाट वणी-चंद्रपूरच्या शेकडो मुलांसारखी होती: आयटीआय, आणि मग वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये नोकरी. चंद्रपूरजवळच्या पद्मापूरच्या खुल्या खाणीत तो कामाला लागला.

ऐंशीच्या दशकातल्या या पट्ट्यात कामगार संघटना काढायला विषय शोधावा लागत नव्हता. कायम कामगार आणि ठेक्याचा कामगार यांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक. त्याच काळात मुंबईहून नागपुरात आलेल्या अनुराधा घांदी विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होत्या आणि इंदोऱ्याच्या दलित वस्तीत राहत होत्या. खापरखेड्याच्या वीज केंद्रावर राबणाऱ्या बांधकाम मजुरांमध्ये त्यांच्या संघटनेने मोठा संप घडवला होता. अखिल महाराष्ट्र कामगार युनियन, नौजवान भारत सभा अशा संघटनांमधून दलित कामगारांची एक पिढी नक्षलवादी विचाराकडे ओढली गेली. मिलिंद त्यातलाच. चंद्रपूरच्या अँजेला सोनटक्के हिच्याशी त्याचं लग्न झालं, तीही याच कामातली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मिलिंद घरातून गेला तो गेलाच. त्यानंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळ आपला त्याच्याशी संपर्क नव्हता, असं आनंद तेलतुंबडे यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. अँजेलाला २०११ साली दहशतवादविरोधी पथकाने पकडलं, २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला.

इथे जरा थांबलं पाहिजे. नागपूरच्या दीक्षाभूमीपासून दोनशे किलोमीटरच्या आत वाढलेला बौद्ध घरातला मुलगा बंदुकीच्या पक्षात का जातो? १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करून सांगितलं होतं की दोघांचं उद्दिष्ट जवळचं असलं तरी मार्क्सच्या मार्गात हिंसा आणि हुकूमशाही आहे, बुद्धाच्या मार्गात नाही. हे विदर्भातल्या दलित वस्तीत कुणाला माहीत नाही असं नाही. पण ऐंशीच्या दशकात रिपब्लिकन पक्षाचे गट इतके झाले होते की खाणीतल्या पोराला त्यातला कुठला आपला, हे कळत नव्हतं. १९९७ साली घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. २००६ साली भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. अशा प्रत्येक घटनेनंतर माओवाद्यांची पत्रकं निघाली, आणि दलित तरुणांना आपल्याकडे वळवण्याचं काम पक्षाने ज्यांच्यावर सोपवलं त्यात मिलिंद प्रमुख होता, असं पोलिसांच्या आरोपपत्रांत आहे. माझ्या मते संताप त्याच्या बाजूने होता, समाज नव्हता. वस्त्या संतापल्या, रस्त्यावर आल्या, न्यायालयात गेल्या. जंगलात गेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाबासाहेबांनी दिलेलं मत, शिक्षण आणि राखीव जागा टाकून द्यायला आंबेडकरी समाज तयार नव्हता, आणि त्याच्या जागी माओवाद्यांकडे द्यायला काहीच नव्हतं.

अशा पक्षातला नेता करतो तरी काय? सिनेमात तो बंदूक घेऊन पुढे धावतो. प्रत्यक्षात केंद्रीय समितीचा माणूस गोळीबाराच्या जागेपासून लांब ठेवला जातो. तळाला दलम, त्यावर एरिया कमिटी, मग विभागीय समिती, मग राज्य किंवा झोन, आणि वर केंद्रीय समिती. वरच्याचं काम म्हणजे पैसा कुठून येईल आणि कुठे जाईल ते ठरवणं, शहरातली माणसं आणि जंगलातली माणसं यांच्यात दुवा ठेवणं, भांडणं मिटवणं, वर्ग घेणं, पत्रकं लिहिणं. त्याच्याभोवती अंगरक्षक, त्यांच्याभोवती दलम, आणि त्याहून बाहेर गावांतली मिलिशिया. मिलिंदची नावंही कामागणिक वेगळी होती. जीवा, दीपक, प्रवीण, अरुण, सुधीर. एका गावात दीपकला ओळखणाऱ्याला पुढच्या गावातला जीवा ठाऊक असेलच असं नाही.

त्याच्याकडे दोन जबाबदाऱ्या आल्या. एक, महाराष्ट्राच्या राज्य समितीची. दुसरी, एमएमसी झोनची. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड या तीन राज्यांच्या सांध्यावरचा हा पट्टा: गोंदिया, राजनांदगाव, कवर्धा, बालाघाट, आणि पुढे मैकल डोंगरातून कान्हाच्या जंगलापर्यंत. अबुझमाडवर आणि दक्षिण गडचिरोलीवर दबाव वाढत चालला होता, म्हणून पक्षाला नवा आसरा शोधायचा होता. कागदावर ही योजना चांगली होती. तीन राज्यांचे पोलीस, तीन वेगळ्या यंत्रणा, मधोमध जंगल. पण दक्षिणेत १९८० साली जी परिस्थिती होती ती इथे नव्हती. बालाघाट-कवर्ध्याच्या गावांत पक्षाचं मूळ कधी खोलवर रुजलं नाही. दलमांतली बरीच पोरं बस्तरहून आणलेली होती. स्थानिक गोंडी बोलणाऱ्या पोरांनी भरलेलं एक बळ या भागात खरोखर वाढत होतं, ते होतं पोलिसांचं सी-६०.

सी-६० ची गोष्ट सांगितल्याशिवाय मर्दिनटोला समजत नाही. १९९० च्या डिसेंबरात गडचिरोलीचे तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जवानांचं हे पथक उभं केलं, नाव त्या आकड्यावरूनच पडलं. कल्पना साधी होती. बाहेरून आलेल्या पोलिसाला जंगल कळत नाही, भाषा कळत नाही, तर इथलीच गोंड-माडिया मुलं घ्या. त्यांना पायवाटा ठाऊक, नातेवाईक प्रत्येक टोल्यात. या लढाईची किंमत गडचिरोलीच्या पोलिसांनी मोजली आहे. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन घटनांमध्ये अठ्ठेचाळीस पोलीस मेले. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यातल्या जांभूळखेड्याला भूसुरुंगात पंधरा जवान आणि गाडीचा चालक गेला. आदल्या रात्री जवळच्या दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती, आणि तिकडे निघालेल्या जवानांची गाडी वाटेत उडवली. उत्तर गडचिरोलीतल्या माणसाला हा दिवस विसरणं शक्य नाही. गेलेल्यांतले कितीतरी जण याच जिल्ह्याचे होते. पोलिसांचा खबऱ्या म्हणून रात्री घरातून नेऊन मारलेल्या साध्या गावकऱ्यांची यादी याहून लांब आहे, आणि ते जवळपास सगळे आदिवासी.

२०२१ च्या मे महिन्यात एटापल्ली तालुक्यात पैडी-कोटमीजवळ तेरा नक्षली मारले गेले होते. पावसाळा संपला, जंगलातली वाट मोकळी झाली, तशा हालचाली वाढल्या. मर्दिनटोल्याच्या जंगलात मोठा तळ पडल्याची खबर गडचिरोली पोलिसांना मिळाली. अधीक्षक अंकित गोयल होते, मैदानातलं नेतृत्व अपर अधीक्षक सोमय मुंडे यांच्याकडे होतं. सी-६० ची पथकं रात्रीतून चालत निघाली. पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे सकाळी सहाच्या सुमाराला शोधमोहीम चालू असताना गोळीबार सुरू झाला आणि तो दुपारपर्यंत, नऊ-दहा तास, थांबून थांबून चालला. चकमकी बहुधा थोड्या वेळात संपतात, दोन्ही बाजू जंगलात विरून जातात. इथे तसं झालं नाही. तळावर माणसं खूप होती आणि जिला सोडून जाता येणार नाही अशी कुणीतरी मोठी व्यक्ती मध्ये होती, असा अंदाज जाणकारांनी तेव्हाच बांधला होता. चार जवान जखमी झाले, त्यांना हेलिकॉप्टरने नागपूरला नेलं. सव्वीस मृतांमध्ये सहा बाया होत्या. बरेच जण छत्तीसगडचे. मिलिंदसोबत त्याचे अंगरक्षकही मेले.

पन्नाशी ओलांडलेला, तब्येतीने थकत चाललेला नेता एवढ्या मोठ्या लवाजम्यासह का फिरत होता, याचं उत्तर वरच्या रचनेतच आहे. जितका नेता मोठा, तितकं संरक्षण मोठं, आणि जितकं संरक्षण मोठं तितका चुलीचा धूर, पाण्यासाठीची फेरी, धान्याची खरेदी मोठी. शंभर माणसांचा तळ लपत नाही, विशेषतः आजूबाजूच्या गावांना तो लपवण्यात आता रस उरला नसेल तेव्हा.

चकमकीतल्या प्रत्येक मृत्यूची दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी झाली पाहिजे, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घालून दिला, आणि तो खटलाही महाराष्ट्राचाच होता. तो नियम मर्दिनटोल्यालाही लागू. नेता कितीही मोठा आणि गुन्हे कितीही असोत, राज्याच्या गोळीचा हिशोब कागदावर राहिलाच पाहिजे, असं माझं मत आहे.

मिलिंद मेला तेव्हा आनंद तेलतुंबडे नवी मुंबईच्या तळोजा तुरुंगात होते. एल्गार परिषद प्रकरणात १४ एप्रिल २०२०, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी त्यांना अटक झाली होती. त्याच प्रकरणात मिलिंद फरार आरोपी होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आनंद यांना जामीन देताना दहशतवादी कृत्याचा गुन्हा प्रथमदर्शनी दिसत नाही असं म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानेही जामिनात हात घातला नाही. एका घरातली दोन माणसं, एकाने लेखणी धरली, दुसऱ्याने बंदूक, आणि व्यवस्थेने दोघांना एकाच आरोपपत्रात बसवलं. हे बरोबर झालं नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. १ जानेवारी २०२५ ला माओवादी नेत्या तारक्काने मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर आत्मसमर्पण केलं. मे महिन्यात छत्तीसगडच्या नारायणपूरमध्ये पक्षाचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला. ऑक्टोबरात तारक्काचा नवरा भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शरण आला. ऐंशीच्या दशकात ज्या जिल्ह्यात तेलुगू पथकं पहिल्यांदा उतरली, त्याच जिल्ह्यात पक्षाच्या पॉलिट ब्यूरोच्या माणसाने बंदूक खाली ठेवली. वरचं नेतृत्व शेवटपर्यंत बहुतेक गोदावरीपलीकडचंच राहिलं. चाळीस वर्षांत गडचिरोलीच्या गोंड-माडिया मुलांमधून केंद्रीय समितीपर्यंत पोहोचलेलं एक ठळक नाव सांगता येत नाही. मरायला मात्र तीच पुढे होती, दोन्ही बाजूंनी.

आणि जमीन-जंगलाचा प्रश्न? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाने, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने, वर्षानुवर्षं बैठका घेऊन, सगळ्यांची सहमती होईपर्यंत थांबून, २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबू वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती दिला. आता जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. ठेकेदाराशी दर ठरवतात, कागद मागतात, चुकला तर भांडतात. जे दलमांना बंदुकीने अर्धवट जमलं, ते या गावांनी कायद्याच्या पुस्तकातून बरंचसं मिळवलं.

पण ते सगळं मिळालेलं नाही. कोरची तालुक्यातल्या झेंडेपारच्या लोहखनिजाला तिथल्या ग्रामसभांचा अनेक वर्षं विरोध आहे. आजवर असा विरोध झाला की त्यामागे नक्षली आहेत असं म्हणून तो बाजूला सारता येत होता. मर्दिनटोल्यानंतर आणि भूपतीच्या आत्मसमर्पणानंतर ती सबब सरकारकडे उरलेली नाही. कोरचीच्या ग्रामसभा आता जे म्हणतील ते त्यांचं स्वतःचं आहे, आणि ते ऐकलं जातं की नाही याकडे आपण नागपूर-मुंबईत बसलेल्यांनी लक्ष ठेवलं पाहिजे.